पिंजाऱ्याच्या गाडीचं तापणं

खाजाभाई पिंजारी माणूस कसा, असं मला कोणी विचारलं की मी आधी त्याच्या गाडीबद्दल सांगते, कारण गाडी सोडून त्याचं वेगळं असं काही नाही. घर म्हणजे ती गाडी, दुकान म्हणजे ती गाडी, आणि भांडायला कोणी सापडलं नाही की भांडायलाही तीच गाडी. कुठल्याशा शाळेची म्हातारी झालेली, पुढं नाक असलेली मिनीबस त्यानं नांदेडला भंगारवाल्याच्या दारातून उचलली आणि तिला हिरवा रंग दिला. रंग देताना हात आखडला, त्यामुळे दारांच्या कडेला जुना पिवळा अजून दिसतो. मागच्या काचेवरचं 'सावकाश, मुले उतरत आहेत' हेही त्यानं पुसलं नाही. सबिहा ही त्याची एकुलती लेक, ती लग्न होऊन नांदेडला देगलूर नाक्याजवळ राहते. गाडीतून उतरणारं मूल एकही नाही. उतरतात ती ही दोघं, खाजाभाई आणि त्याची बायको हाजराबी.

जळकोटात उदगीरच्या रस्त्याला माझं चहा-भज्यांचं हॉटेल आहे. शेजारी अमरेशचं गॅरेज. दिवाळी उरकली की ही गाडी आमच्या मधल्या मोकळ्या जागेत येऊन उभी राहते आणि मिरगापर्यंत आसपासची गावं करते. माझं तोंड वाईट आहे, हे गावात कोणालाही विचारा. पण हाजराबीशी माझं जमलं. ती कमी बोलते आणि मी जास्त, त्यामुळे हिशेब बरोबर बसतो.

आमच्याकडे लेकीच्या लग्नाला गादी दुकानातून आणत नाहीत. निदान जुनी माणसं तरी आणत नाहीत. घरच्या रानातला कापूस बाजूला काढून ठेवायचा, सरकी काढून आणायची आणि पिंजारी दारात बोलावून डोळ्यांदेखत पिंजून घ्यायचा. गादी बाहेर भरायला दिली तर आपला कापूस जाऊन कोणाचा येईल याचा भरवसा नाही, असं बायकांचं म्हणणं. जुन्या गाद्यांचंही तसंच. म्हणून पिंजाऱ्याला मशीन घेऊन अंगणात यावं लागतं. खाजाभाईच्या बापाच्या खांद्यावर कापूस पिंजायची धुनकी असायची. खाजाभाईनं काळ ओळखून गाडीतच मशीन बसवलं आणि गाडीच्याच इंजिनावर पट्टा चढवून ते फिरवायची सोय केली. मशीनच्या पलीकडे लाकडी फळी, फळीमागं दोघांची झोपायची जागा, एक गॅसची शेगडी, पाण्याचं पिंप आणि दोरीवर कपडे. मी पहिल्यांदा आत डोकावले तेव्हा म्हणाले, "खाजाभाई, ह्यो तर राजवाडा हाय की!" तो म्हणाला, "हाव आक्का. फक्त राजाला पाठ ताठ करता येत न्हाई."

खाजाभाई पुढून जुना कापूस मशीनच्या तोंडात देतो. मागून तो फुगून, मोकळा होऊन बाहेर पडतो आणि हाजराबी तो कवेत घेऊन खोळीत भरते. मग खोळ पसरून हातभर दोऱ्यानं, मोठ्या दाभणानं टाके घालते. तिचे टाके इतके सरळ असतात की शेषेरावांची बायको केवळाबाई, जी देवाच्या कामातही खोट काढते, तीसुद्धा गप्प राहते. पण जुन्या गादीतला कापूस म्हणजे नुसता कापूस नसतो. त्यात कित्येक वर्षांचा घाम असतो, लेकरांची मुतं असतात, आजाऱ्यांची दुखणी असतात, आणि हे सगळं वाळून धूळ झालेलं असतं. मशीन फिरायला लागलं की ती धूळ आणि तूस गाडीभर उडते. संध्याकाळी दोघं खाली उतरली की नखशिखांत पांढरी. मी ओरडायची, "आले बघा जत्रंतले बत्तासे! तिकडं झटका, माझ्या भज्यावर नगं."

हाजराबीला खोकला होता. कधी लागला ते कोणी सांगू शकणार नाही. पिंजाऱ्याला खोकला असायचाच, असं लोक म्हणायचे, जसं कोळ्याच्या हाताला माशाचा वास असायचाच. खाजाभाई मात्र ते मानायला तयार नव्हता. एका दिवाळीनंतर तो आला तोच भला मोठा पंखा घेऊन. नांदेडात बंद पडलेल्या खानावळीच्या भटारखान्यातला, धूर बाहेर ओढणारा.

"धूर वढायचा ह्यो," तो मला म्हणाला. "आता हाजराच्या मोहरला कापूस वढंल. ती आत श्वास घिऊन राहिली पायजे, आक्का. मला दुसरं काय नगं. ती शेजारच्या शीटवर बसावी आन गाडी चालावी."

एवढंच त्याचं मागणं होतं. मी त्याच वेळी म्हणायला हवं होतं की बाबा, माणसानं मागावं तर जरा जास्त मागावं. पण मी भजी तळत होते.

पंखा त्यानं गाडीच्या मागच्या अंगाला बसवला. हाजराबीचा खोकला त्या हिवाळ्यात खरंच कमी झाला. मग शिमग्याच्या सुमारास ते शेषेरावांच्या अंगणात गेले. शेषेरावांच्या शिल्पाचं लग्न ठरलं होतं, तिच्या गाद्या भरायच्या होत्या. मशीन सुरू झालं, पंखा सुरू झाला आणि आतला सगळा तूस बाहेर, थेट केवळाबाईंनी बाजेवर घातलेल्या ओल्या कुरडयांवर.

"आगं बया! कुरडयांना मिशा फुटल्या!" केवळाबाईंनी अख्खी गल्ली गोळा केली. "खाजा, त्वा गादी पिंजून राहिलास का माझं वाळवण?"

ही गोष्ट गावोगाव झाली. लोक खाजाभाईला लांबूनच विचारायचे, मिशा किती वाढल्या? तो हसायचा, पण मनाला लावून घ्यायचा. गिऱ्हाइकाच्या अंगणात घाण करणं पिंजाऱ्याला शोभत नाही, असं त्याच्या बापानं त्याला शिकवलं होतं. मग त्यानं अक्कल लढवली. गाडी अंगणात नेहमी मागून घालतात, म्हणजे दार अंगणाकडं आणि तोंड रस्त्याकडं. मागं माणसं, बाजा, वाळवणं. पुढं फक्त रस्ता. म्हणून त्यानं पंख्याला पत्र्याचा पाइप जोडला, तो फरशीखालून पार पुढं नेला आणि त्याचं तोंड पुढच्या बंपरखाली जमिनीकडं सोडलं. तूस तिथं पडायचा. कोणाच्या कुरडईला नाही, कोणाच्या पापडाला नाही. शेषेरावांनी स्वतः येऊन पाइप पाहिला आणि डोकं हाय बुवा ह्याला, असं म्हणून गेले.

त्यानंतर थोड्याच दिवसांत गाडी तापायला लागली.

जांबकडून येताना चढावर काटा वर चढला आणि बॉनेटमधून वाफ आली. उन्हाळा तोंडावर होता. उन्हाळ्यात म्हातारी गाडी तापते, यात कोणाला नवल वाटलं नाही. अमरेशनं रेडिएटरमध्ये पाणी भरलं आणि जा म्हणाला. दुसऱ्या गावाहून परत आली ती पुन्हा वाफ सोडत. मग अमरेशनं बॉनेट उघडलं आणि तेव्हापासून ते फारसं बंद झालंच नाही.

अमरेश वाईट कारागीर नाही. पण त्याची एक खोड आहे, जे पहिल्यांदा डोक्यात येईल ते खोलायचं. त्यानं पहिल्यांदा थर्मोस्टॅटचा व्हॉल्व्ह काढून फेकला. "ह्येचं आपल्या मुलखात काय काम न्हाई, थंडीच्या देशातल्या गाड्यांना लागतो," असं त्याचं म्हणणं. गाडी तापली. मग रेडिएटरचं झाकण बदललं, झाकणाचा रबर ढिला झालाय म्हणून. गाडी तापली. मग पंख्याचा पट्टा ताणला, नंतर पट्टाच बदलला. रेडिएटर जागेवरच ठेवून आतून सोड्याच्या पाण्यानं धुतला, तेव्हा तांबडं पाणी आलं आणि सगळ्यांना वाटलं, निघाला एकदाचा रोग. दुसऱ्या दिवशी रोग परत आला. रेडिएटरची जाळी बाहेरून चोंदली का, हे अमरेशनं पाहिलं नाही असंही नाही. बॉनेट उघडून वरून पाहिलं. वरची जाळी स्वच्छ होती. खालची अर्धी बंपरच्या पत्र्यामागं होती, तिथं वरून नजर पोचत नव्हती, आणि वरचं स्वच्छ दिसल्यावर खालचं कोण बघतो?

माझ्या हॉटेलात बसणारा प्रत्येक जण तोवर इंजिनिअर झाला होता. एक म्हणाला पाणी बोअरचं नको, विहिरीचं घाल. एक म्हणाला इंजिनात तेल जाड घाल, दुसरा म्हणाला पातळ घाल, आणि दोघं भांडून चहा न पिताच गेले. शेषेरावांनी बॉनेटवर ओलं पोतं टाकायला सांगितलं. खाजाभाईनं सगळ्यांचं ऐकलं. माझा जीव कळवळायचा आणि रागही यायचा, कारण तो नाही म्हणायला शिकलाच नव्हता. अंगणात मशीन फिरत असताना तो घडीघडी पुढं यायचा, काटा बघायचा, इंजिन बंद करायचा, निवायची वाट बघत बसायचा. दिवसाचं काम दोन दिवसांवर जायचं आणि गिऱ्हाइकाची बाई अर्धवट फाडलेल्या गाद्या बघून कपाळाला हात लावायची.

एकदा माझ्या डोळ्यांसमोर त्यानं तापल्या रेडिएटरचं झाकण उघडलं. वाट बघवली नाही त्याला. उकळतं पाणी कोपरापर्यंत उडालं. हाजराबीनं त्याचा हात धरला आणि माझ्या पाण्याच्या पिंपात खांद्यापर्यंत बुडवला. मी दोघांनाही शिव्या घातल्या. तो हात पाण्यात ठेवून अमरेशला विचारत होता, "आता काय खोलायचं ऱ्हायलं, अमरेश?"

हेड खोलायचं राहिलं होतं. तेही खोललं, पॅकिंग बदललं. शेवटी पाण्याचा पंप नवा घातला. पंप बसवला त्या सकाळी खाजाभाई माझ्या बाकावर येऊन बसला. दाढी वाढलेली, हाताला फडकं.

"आता जर एकदा तापली ना आक्का," तो म्हणाला, "तर हिला भंगारात घालतो. मशीन कुणीबी न्यावं. आन सबिहाकडं जाऊन पडतो."

हाजराबी माझ्याजवळ कांदे चिरत होती. तिची सुरी थांबली. सबिहाकडं म्हणजे एक खोली, त्यात सबिहा, जावई, जावयाची आई आणि पोरं. तिथं ही दोघं कुठं पडणार होती? हाजराबी लेकीकडं ईदला जायची तीसुद्धा दुपारी जाऊन संध्याकाळी परतायची. जावयाच्या दारात रात्र काढायची म्हटलं की तिला कानकोंडं व्हायचं. कांदे त्या दिवशी जाड चिरले गेले.

ते दोघं गावं करायला निघून गेले. आठवड्याच्या बाजारादिवशी हॉर्न वाजवत गाडी परत आली, आणि खाजाभाई ती पुरती थांबायच्या आधीच उतरला.

"तापली न्हाई! आक्का, जांबचा चढ चढली, काटा अर्ध्याच्या वर ग्येला न्हाई! दिसभर मशीन चालवली, तरीबी न्हाई!"

अमरेश हात पुसत बाहेर आला आणि पंपाची तारीफ स्वतःच करायला लागला. खाजाभाईनं हॉटेलात होते तेवढ्या सगळ्यांना भजी खाऊ घातली. ज्या दोघांचं तेलावरून भांडण झालं होतं तेही आले. हाजराबी कोपऱ्यात बशीतून चहा पीत होती. मी तिला म्हणाले, "सुटलीस बाई." ती म्हणाली, "हाव, चांगलं झालं." आणि खोकली.

त्या खोकल्याकडं मी लक्ष दिलं नाही. गाडीत पंखा घरघरत होता, तो आवाज बाहेरपर्यंत यायचा, आणि पंखा फिरतोय म्हणजे सगळं ठीक आहे असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो. खाजाभाई तर रोज सकाळी मशीनच्या आधी पंखा सुरू करायचा.

पुढच्या दिवाळीनंतर गाडी आली तेव्हा हाजराबीला माझ्या हॉटेलाच्या पायऱ्या एका दमात चढता आल्या नाहीत. एक पायरी चढायची, खांबाला धरायची, मग दुसरी. वाक्यसुद्धा ती तोडून तोडून बोलत होती. मी खाजाभाईला धारेवर धरलं. तो म्हणाला, औषध चालू हाय, नांदेडात दाखवलं, खोकल्याची बाटली दिलीय. संक्रांतीपर्यंत ती खोळीत कापूस भरताना मध्येच बसायला लागली. एक दिवस केवळाबाईंच्या अंगणात ती भिंतीला टेकून बसली आणि तिला उठताच येईना. केवळाबाई, कुरडयांचं भांडण विसरून, स्वतः तिच्यासोबत गाडीतून माझ्याकडं आल्या.

"तारामती, हिला लातूरला न्ह्या," त्या म्हणाल्या. "ह्यो खोकला न्हाई. माझ्या भावजईचा दमा मी पायलाय, त्येच्यापेक्षा वंगाळ हाय हे."

"कायकू लातूर," हाजराबी म्हणाली. "नक्को. शिल्पाच्या घरचा पांघरायचा लेप तसाच ऱ्हायलाय."

मी हॉटेल बंद केलं. माझ्या लग्नानंतर ते असं अधल्यामधल्या दिवशी कधी बंद झालं नव्हतं. म्हणाले, लेप गेला खड्ड्यात, मी सोबत येते, चल. गाडीत पुढं खाजाभाई, शेजारच्या सीटवर हाजराबी, मागं मशीनला पाठ लावून मी. लातूर येईपर्यंत खाजाभाई हाजराबीला सांगत होता, बघ, काटा कुठं हाय बघ, आता नुसतं जीव बरा झाला की झालं.

दवाखान्यात छातीचा फोटो काढला. एका नळीत जोरात फुंकायला लावलं. हाजराबीनं फुंकलं, पुन्हा फुंकलं, आणि तिसऱ्यांदा फुंकताना डोळे मिटून घेतले. मग आम्हा तिघांना डॉक्टरबाईंनी आत बोलावलं. वयानं लहान होत्या, सबिहाच्या वयाच्या असतील. फोटो उजेडाला लावून बघत त्यांनी काम काय करता म्हणून विचारलं. खाजाभाईनं सांगितलं.

"बंद जागेत करता?"

"गाडीत. पर साहेब, पंखा बसवलाय मी." त्याचा चेहरा उजळला. एवढ्या मोठ्या दवाखान्यात सांगण्यासारखं त्याच्याजवळ तेवढंच होतं. "लई मोठा हाय, खानावळीतला. सगळा तूस बाहेर वढून टाकतो. पाइप जोडलाय. ह्येच्यासाठीच बसवलाय."

डॉक्टरबाईंनी फोटोकडं पाहिलं, मग हाजराबीकडं. "पंखा असूनही इतका त्रास? तो नीट चालतो ना?"

"एकदम चालतो," खाजाभाई म्हणाला.

हाजराबी खाली बघत होती. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. मग म्हणाली, "चालतो. पर पाइपात बोळा हाय."

"कसला बोळा?"

"उशीच्या खोळीचा. म्याच कोंबला."

खाजाभाईला कळलंच नाही. त्यानं माझ्याकडं बघितलं, जसं काही मी समजावून सांगीन. मग हळू आवाजात विचारलं, "कवा?"

"गाडी तापायची थांबली, तवा."

ती दम घेत घेत सांगत गेली. बाहेर पेशंटांची रांग होती, पण डॉक्टरबाईंनी तिला थांबवलं नाही. पंप बसवून ते निघाले आणि जांबच्या अलीकडं गाडी पुन्हा तापली होती. परत आल्यावर आनंदाच्या भरात खाजाभाईनं हे आम्हाला सांगितलंच नव्हतं, आणि तो कॅन घेऊन लांबच्या विहिरीवर पाण्याला गेला तेवढ्यात पुढचं जे घडलं ते त्यालाही माहीत नव्हतं. भंगारात घालायचं बोलणं अजून ताजं होतं. सावली गाडीच्या पुढच्या बाजूला होती म्हणून हाजराबी तिथं जमिनीवर बसली. खाली वाकली तर बंपरच्या पत्र्यामागं, रेडिएटरच्या जाळीला काहीतरी करडं चिकटलेलं दिसलं. दाभणानं टोचून ओढलं तर दाबलेल्या लोकरीच्या नमद्यासारखा जाड थर निघाला. तिला बघायचीसुद्धा गरज नव्हती, हाताला कळलं, आपलीच रुई, गादीतला कापूस. गाडी उभी ठेवून मशीन चालवलं की पाइपातून पडलेला तूस इंजिनाचा पंखा समोरून आत खेचायचा आणि जाळीवर थापायचा. तिनं सगळी जाळी दाभणानं मोकळी केली. ते सगळं रस्त्याकडेच्या खड्ड्यात टाकलं आणि मग पिशवीतली फाटकी खोळ काढून पाइपाच्या तोंडात आत हात घालून कोंबली.

"मला सांगितलं का न्हाईस?" खाजाभाई म्हणाला. त्याचा आवाज इतका लहान झाला होता की मला त्याच्याकडं बघवेना.

"सांगितलं असतं तर तुमी मशीन बंद केली असती."

"बंद केली असती तर केली असती! जाळी रोज पुसली असती मी! ब्रश मारला असता! ब्रश मारायचं काम हाय ते, हाजरा!"

"तवा सुचलं न्हाई मला," ती म्हणाली. "तुमचा हात भाजला व्हता. तुमी रडकुंडीला आला व्हता. मला वाटलं, जरा खोकला वाढंल. आजवर काय कमी खोकलेय?"

मला तिचा राग आला. खरं सांगते, तिला तिथंच हलवून विचारावंसं वाटलं की बाई, तुझ्या छातीत काय दुसऱ्याची हवा होती? आणि त्याच वेळी मला हेही कळत होतं की तिच्या जागी मी असते तर मीही बोळाच कोंबला असता. माझ्यासारख्या भांडखोर बाईनंसुद्धा. घर चालतंय ना, मग आपलं बघू पुढं, हे आम्हा बायकांना कोणी शिकवावं लागत नाही.

डॉक्टरबाईंनी खाजाभाईला समजावलं की हे एका वर्षाचं नाही, पुष्कळ वर्षांचं साचलेलं आहे, शेवटचं वर्ष भारी पडलं इतकंच. आजपासून कापूस बंद. मशीनजवळ जायचं नाही, त्या गाडीत झोपायचंसुद्धा नाही. औषधानं आराम पडेल, पण जे गेलं ते परत येणार नाही.

खाजाभाई उठला नाही. त्यानं फोटोकडं बोट केलं.

"बाईसाब, हे आतून धुऊन काढता येत न्हाई का? पाणी न्हाई म्हणत मी. दुसरं काही असंल. हवा मारून. लातूरला न्हाई तर हैदराबादला."

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "नाही काका. तसं काही नसतं."

परतताना ऊन उतरलं होतं. ठरलं होतं एवढंच की आधी जळकोटला जायचं, सामान आवरायचं आणि उद्या नांदेडला सबिहाकडं. सबिहाला फोन केला तेव्हा ती अम्मीला घेऊन या, एवढंच म्हणून रडायला लागली. गाडीचं पुढं काय, खाजाभाई एकटा काय करणार, हे कोणी काढलं नाही. हाजराबी पुन्हा तिच्याच सीटवर बसली. मी सगळ्या खिडक्या उघडल्या, फळीमागचा कापूस चादरीखाली दाबला, जणू त्यानं काही होणार होतं.

लातूर मागं पडलं आणि खाजाभाईनं गाडी कडेला घेतली.

"तापली," तो म्हणाला आणि उतरून पुढं गेला. बॉनेट उचललं. काचेतून फक्त हिरवा पत्रा दिसत होता.

बराच वेळ गेला. मी पाण्याचा कॅन उचलला आणि मदतीला म्हणून उतरले. बॉनेटपाशी गेले. वाफ नव्हती. पाणी उकळण्याचा आवाज नव्हता. खाजाभाई दोन्ही हात रेडिएटरच्या वरच्या पट्टीवर टेकून, डोकं आत घालून उभा होता आणि तोंडावर ओढलेल्या रुमालात हुंदके दाबत होता. त्यानं मला बघितलं नाही. मी कॅन तसाच हातात घेऊन परत फिरले.

गाडीत चढले तेव्हा हाजराबी समोर बघत बसली होती. तिच्या डोळ्यांसमोर, स्टीअरिंगच्या मागं, काटा होता. तो अर्ध्याच्याही खाली होता.

"लई तापली का, आक्का?" तिनं विचारलं.

माझ्या तोंडाला जळकोटात सगळे घाबरतात. त्या दिवशी त्या तोंडातून मोठ्या कष्टानं एकच शब्द निघाला. "हाव," मी म्हणाले.

ती काट्याकडं बघत राहिली. मग सीटवर मागं टेकली आणि ओढणी सारखी केली.

"मग निवू द्या," ती म्हणाली. "घाई करू नका म्हणावं त्यांना."